काचेवरचं कुंकू

माझी मुलगी ज्या जुन्या स्कूलबसनं शाळेला जायची, तिच्या ड्रायव्हरला सगळी पोरं मामा म्हणत. खंडेनवमीला मामा बस धुऊन झेंडूच्या माळा घालायचे. सीटमागं आग विझवायचं लाल नळकांडं होतं, त्यालाही कुंकू लागायचं. दाब दाखवणारी त्याची गोल काच कपाळासारखी समोर असायची, म्हणून मामांचं बोट नेमकं तिच्यावर टेकायचं. आम्ही पालक हात जोडून, पेढा खाऊन घरी यायचो.

गेल्या वर्षी शाहूपुरीत बॉनेटमधून धूर आला. वायरीवरचं रबर झिजलेलं, त्यात डिझेल ठिबकत होतं. मामांनी आधी सगळी पोरं सुखरूप उतरवली, मग नळकांड्याचा दांडा दाबला. नुसतीच फुस्स.

मी धावत पोचलो तेव्हा बसचा सांगाडा उरला होता आणि मामा नळकांडं मांडीवर घेऊन फुटपाथवर बसले होते. मी अंगठ्यानं काच पुसली. काटा शून्यावर.

"दर साली पुजलं की हो ह्याला," मामा म्हणाले.

पुजलं होतं, सगळ्यांनीच. एकदा ती काच पुसून बघायला काय धाड भरली होती आम्हाला?