आपली मुलं आणि शेहेचाळीस मार्क

आपल्या माणसांना झुकतं माप दिलं असं कुणी म्हणता कामा नये, हा कांचनबाईंचा बाणा. हॅमिल्टनच्या एका कॉलेजात त्या अकरा वर्षं नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे निबंध तपासत होत्या. पन्नास मार्क पडले तरच हॉस्पिटलात प्रत्यक्ष कामाला पाठवत, नाहीतर कोर्स तिथेच अडकायचा. म्हणून सगळ्यांचा जीव त्या एका निबंधात गुंतलेला असे. आणि निबंधावर भारतीय नाव दिसलं, की बाईंचं पेन जरा जास्तच कडक व्हायचं. वर त्यांना याचा अभिमान, आता काय बोलायचं!

यंदा कॉलेजने आकडे काढले. तिथली मूळनिवासी माओरी, पॅसिफिक बेटांवरची आणि भारतीय मुलं लेखनात गोऱ्या मुलांच्या मागे, तेही दरवर्षी. मीटिंगमध्ये बाई तावातावाने बोलल्या. त्यांचा रोख शेजारच्या टेबलावर तपासणाऱ्या गोऱ्या ग्रॅहमवर होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. नावं झाकून सगळे निबंध पुन्हा तपासूया, ही सूचनाही त्यांचीच.

नावांच्या जागी नंबर आले आणि ज्याने त्याने आपापले निबंध पुन्हा तपासले. तीन आठवड्यांनी आधीचे आणि नंतरचे मार्क शेजारी शेजारी लावले. ग्रॅहमकडच्या माओरी मुलांचे मार्क थोडे वाढले होते. बाई मनातून सुखावल्या, खोटं कशाला बोला. मग त्यांनी स्वतःची यादी उघडली. त्यांच्याकडची पाचही भारतीय मुलं वर सरकली होती. नाशिकहून आलेल्या सलोनीला त्यांनी आधी शेहेचाळीस दिले होते आणि त्याच निबंधाला आता अठ्ठावन्न. बाईंनी यादी तीनदा वाचली.

विभागप्रमुख समजूतदार होती. मार्क बदलून टाकू, कारण सांगत बसायची गरज नाही, असं ती म्हणाली. पण सलोनी कोर्स सोडून निघाली आहे हे कानावर आलं, तेव्हा बाईंना राहवेना. त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"तू पास आहेस. चूक माझी आहे. तू आपली, म्हणून मी हात आखडला."

सलोनीने बॅगेतून कोर्स सोडण्याचा फॉर्म काढला. सोमवारी द्यायचा म्हणून तो सहीसकट तयार होता. तिने तो नीट घडी घालून परत ठेवला.

"ग्रॅहमने फेल केलं असतं ना मॅम, तर मी भांडले असते," ती म्हणाली. "तुम्ही केलंत, म्हणून मला खरं वाटलं."