पोरकिड्यांना पोचवायला

आमच्या घरी धान्यातले पोरकिडे मारत नसत, पोचवत असत. सासरी निघालेल्या मुलीला पोचवतात तसं. फक्त रडायचं कुणी नाही, एवढाच फरक.

बेल्ह्याला आमचं धान्याचं दुकान होतं. पणजोबा मारवाडातून उंटावर आले की पायी, यावर घरात दोन तट होते. माझ्या वेळेपर्यंत मात्र आम्ही बाजरीची भाकरी खाणारे आणि मराठीत भांडणारे झालो होतो. धर्म तेवढा जैनांचा, आणि तो अगदी कडक. जुने गहू, मूग निवडायला घेतले की सुपात निघतील ते किडे आई हलक्या हाताने एका करवंटीत ठेवायची. वडलांना आम्ही भाऊ म्हणायचो. भाऊंचा नियम असा, की करवंटी गावाबाहेर न्यायची, सावली बघून अलगद रिकामी करायची आणि वर मूठभर धान्य ठेवायचं. पाहुण्याला शिदोरी नको?

हे काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा सात-आठ वर्षांची. पावसाळ्यात हिरवळीवर पाय पडून जीव मरतात, म्हणून चार महिने मला घरात बसवत आणि करवंटी गडी न्यायचा. कार्तिकी पौर्णिमा उलटली की मी सुटायची. आमच्यातल्या माझ्या वयाच्या मुली ओट्याच्या पुढे दिसत नसत. करवंटी हा माझा परवाना होता. ती हातात असली की "कुठं निघालीस?" असं कुणी विचारत नसे.

दया करायला घरात सगळ्यांनी शिकवलं, बघायला कुणीच नाही. पण किड्यांसाठी सावली शोधायची म्हणजे खाली वाकावं लागतं, आणि एकदा वाकलं की मग काय विचारता! बोरीखाली मुंगळ्यांची वाट, बांधावर दवाने भिजलेली कोळ्याची जाळी, हिवराच्या फांदीवर ओळीने बसलेले वेडे राघू. एक उडून माशी धरायचा आणि परत आपल्याच जागेवर येऊन बसायचा. जागा कुणी बळकावत नसे. आमच्या घरात पाटासाठी रोज भांडणं. ओढ्याकाठच्या बाभळीखाली करवंटी रिकामी करायला लागायचा एक क्षण, आणि मी घरी यायची उन्हं चढल्यावर. किडे हळूहळू चालतात, असं मी आईला सांगून ठेवलं होतं.

एक दिवस मला त्या किड्यांचं फार वाईट वाटलं. मूठभर गहू यांना किती दिवस पुरणार? ओढ्याच्या अलीकडेच एका शेतकऱ्याचं खळं होतं. मळणी होऊन बाजरीची मोठी रास लागलेली. माझ्या मते याहून चांगलं स्थळ पंचक्रोशीत नव्हतं. मी मोठ्या समाधानाने करवंटी राशीवर उपडी केली आणि घरी आले.

माझ्या मागोमाग त्या खळ्याची मालकीण दुकानात हजर. दुकानात गिऱ्हाईक भरलेलं. तिने पदर खोचला आणि सुरू झाली.

"शेट, तुमी जीव वाचवा, आमी न्हाई म्हनत न्हाई. पर आमच्या राशीवर का? तुमची पोर आत्ता करवंटीभर किडं वतून आली! वरीसभराचं खानं हाय आमचं त्ये!"

भाऊंनी मला बाहेर बोलावलं. मी खरं तेच सांगितलं, की त्यांना पोटभर मिळावं म्हणून. दुकान खदखदून हसलं. एक म्हातारा म्हणाला, "शेट, पोरगी लई दानशूर हाय. दुसऱ्याच्या राशीतनं अन्नछत्र घालती!" भाऊंचे कान लाल झाले.

आतल्या दाराआडून आईने सगळं ऐकलं होतं. भाऊ आत येताच ती म्हणाली, "आता पुरे झालं. हिच्या वयाच्या पोरी चुलीपाशी बसून काम शिकतात, आणि ही लोकांच्या खळ्यांवर हिंडते. उद्यापासून उंबऱ्याच्या आत." मुलींच्या बाबतीत भाऊ आईच्या शब्दाबाहेर जात नसत. त्यांनी मान हलवली. मी भोकाड पसरलं. चुलीचं मला काही नव्हतं. पण माझ्यावाचून तो ओढा, ते राघू तसेच राहणार आणि मला काहीच कळणार नाही, हे मला सहन होईना.

भाऊंनी खुंटीवरची चाळणी काढली. "रडणं नंतर. आज शेवटचं चल. कुठं ओतलेस ते दाखव."

भाऊ खळ्यावर बसून स्वतः बाजरी चाळताहेत, हे बघायला निम्मी आळी जमली. मालकीण काही "असू द्या शेट" म्हणणाऱ्यातली नव्हती. कंबरेवर हात ठेवून ती शेवटचा किडा निघेपर्यंत उभी राहिली. मग आम्ही बापलेक भरली करवंटी घेऊन बाभळीकडे निघालो.

वाटेत बाजारतळ. आदल्या दिवशी बैलबाजार भरून गेलेला, त्यामुळे शेणाला तोटा नव्हता. भाऊ धोतर सावरत, नाक मुरडत चालले होते. मी त्यांचं उपरणं ओढलं. "भाऊ, थांबा. त्याला जाऊ द्या."

एक काळा शेणकिडा शेणाची गोळी ढकलत चालला होता. गोळी त्याच्याहून मोठी. डोकं खाली, पाय वर, आणि चाल उलटी.

"हा उलटा का चाललाय?" भाऊंनी विचारलं.

"तो असाच चालतो."

"मग पुढचं दिसतं कसं?"

"ते नाही माहीत. पण पोचतो."

गोळी गाडीच्या चाकोरीत गडगडली. किडा मागोमाग उतरला आणि चढणीवरून तिला वर ढकलायला लागला. काठाशी आली की गोळी परत खाली. भाऊ उकिडवे बसले. थोड्या वेळाने त्यांना राहवेना. त्यांनी काडी उचलली.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. "तुम्हीच सांगता."

त्यांनी काडी खरोखरच खाली ठेवली. त्यानंतर किड्याने चढण सोडली, चाकोरीतूनच थोडं पुढे जाऊन काठ ढासळलेला होता तिथून गोळी वर काढली. "अरे वा पठ्ठ्या!" भाऊ एवढ्याने ओरडले, की पलीकडे चरणारी शेळी दचकली. धोतराला शेण लागलं होतं आणि दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, पण त्यांना दोन्हींची शुद्ध नव्हती. त्यांनी मला विचारलं, "आणखी काय काय आहे इथं?"

मी सगळं दाखवलं. राघू दाखवले, मुंगळ्यांची वाट दाखवली. बाभळीच्या काट्यावर खाटीक पक्ष्याने टोचून ठेवलेला नाकतोडा तेवढा दाखवला नाही. भाऊंना एका दिवसात इतकं नको, असं मला वाटलं. परतताना मी त्यांचं बोट घट्ट धरलं होतं, कारण उद्या हे सगळं संपणार होतं.

दुसऱ्या दिवशी आईने मूग निवडले आणि करवंटी गड्याच्या हातात द्यायला निघाली. भाऊ मध्ये आले. "आण इकडे, मी पोचवतो. हिला पाठव बरोबर."

"हिला कशाला? तुम्ही जा की एकटे."

"मला ती बाभूळ सापडायची नाही," भाऊ म्हणाले.

हे राजुरीपासून महाळुंग्यापर्यंत सगळे बाजार झोपेत गाठणारे गृहस्थ. आणि ती बाभूळ आमच्या ओट्यावरून दिसायची.

आईने बाभळीकडे पाहिलं, मग भाऊंकडे पाहिलं, आणि करवंटी माझ्या हातात दिली.

"जा गं बरोबर," ती म्हणाली. "नाहीतर वाट चुकतील."