पाटीवर नसलेलं वाक्य

प्रिय अजित आणि मीनल,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी सकाळी बापूकाका गेले होते. मी त्यांच्याकडून परत येऊन पाय धुतले आणि मग पाकीट फोडलं. मीनल, तू लिहिलं होतंस की तुझ्या आवडत्या कादंबरीवर तिकडे सिनेमा निघाला आणि त्यांनी शेवट बदलून टाकला, तू चिडून अर्ध्यातून उठून आलीस. अजितने खाली चार ओळी जोडल्या होत्या की सिनेमाच तो, त्यात एवढं मनाला लावून काय घ्यायचं. या भांडणाचा निवाडा करायला योग्य माणूस एकच होता. तुमचं पत्र मी त्यांना नक्की वाचून दाखवलं असतं, आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मीनलची बाजू घेतली असती, मग थोड्या वेळाने अजितचीही... आता महिना होत आला. तेराव्याला मंडळी जमली, पांगली. ते तुमचे कोण, हे तुम्ही विचारलं होतंत. माझ्या वडिलांचे ते धाकटे भाऊ, एवढं सांगून भागण्यासारखं नाही, म्हणून नीट लिहिते आहे. हे इथल्या वर्तमानपत्राच्या पुरवणीतही छापून येणार आहे. म्हणजे माझ्या आठवणीत काही चुकीचं असेल तर गावातले जुने लोक मला सांगतील.

मी दहा-अकरा वर्षांची होते तेव्हाची, म्हणजे बोलपट यायच्या आधीची गोष्ट. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की मुंबईच्या बोटीने तंबूचा सिनेमा रत्नागिरीत येई. मैदानात तंबू उभा राही, पुढे जमिनीवर पुरुष, मागे बाकांवर प्रतिष्ठित मंडळी, आणि एका बाजूला कनातीच्या आड आम्ही बायका-मुली. चित्रं मुकी होती. माणसं ओठ हलवत, मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची पाटी येई आणि ती काय म्हणाली ते त्यावर लिहिलेलं असे. पण तंबूतल्या बहुतेकांना वाचता कुठे येत होतं? त्यासाठी तंबूवाले शेठ प्रत्येक गावात एक वाचणारा गाठत. तो पडद्याशेजारी उभा राहून पाट्या मोठ्याने वाची. आमच्या गावात ते काम बापूकाकांकडे आलं. ते शाळेत मास्तर होते आणि त्यांचा आवाज असा होता की वर्ग चालू असला की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही पाढे पाठ व्हावेत. पाटी नुसती वाचून ते थांबत नसत. म्हाताऱ्याचं वाक्य खोकत म्हणत, राजाचं छाती काढून. बायकांची वाक्यं मात्र बारीक आवाज न काढता साध्या आवाजात वाचत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "बाई बोलत्ये म्हणून लोकांना हसू येता कामा नये."

त्या वर्षी घरात एक अवघड गोष्ट चालू होती. बापूकाकांची धाकटी बहीण, माझी वेणूआत्या, राजापूरच्या सासरहून परत आली होती. परत आली म्हणजे पाठवली होती. सासूबाईंचं म्हणणं, पत्र्याच्या डब्यातली आंबापोळी आत्याने चोरून माहेरी पोचवली. तुम्हाला हसू येईल, पण त्या घरात मे महिन्यात घातलेली आंबापोळी वर्षभर पुरवायची असे आणि डब्याची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. आत्याने "मी घेतली नाही" एवढंच सांगितलं आणि तेच उलट उत्तर ठरलं. निरोप आला की वडिलांबरोबर येऊन सगळ्यांसमोर "चुकले" म्हणावं, म्हणजे मागचं विसरू. माझे आजोबा, ज्यांना आम्ही सगळेच तात्या म्हणत असू, कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. खोटं त्यांना खपत नसे. पण मुलीचा संसार मोडू नये म्हणून त्यांनी ठरवलं होतं की येत्या सोमवारी गाडी जोडून तिला राजापूरला न्यायचं.  आत्या दिवसभर काम करी आणि जेवताना भात चिवडत बसे.

दुपारी बापूकाका माजघरात घरच्या बायकांना कादंबरी वाचून दाखवत, ही आमच्याकडची रीत होती. त्या दिवसांत चाललेली कादंबरी एका सुनेची होती. तिच्यावर सासरी नको तो आळ येतो, सगळे म्हणतात माफी माग, ती मागत नाही आणि आपल्या पायांनी घराबाहेर पडते. ते प्रकरण आत्याने दोनदा वाचायला लावलं होतं. आणि नेमका त्याच कादंबरीवरचा चित्रपट तंबूत आला. आम्ही सगळ्या मोठ्या हौसेने गेलो. आत्याला मीच हाताला धरून नेलं.

कादंबरीत पानंच्या पानं भरलेला पाऊस चित्रात एका छत्रीवर आटोपला होता, दोन नणंदांची एक झाली होती. बापूकाकांना त्याचं काही वाटलं नाही. चित्राला वेळ कमी, असं ते म्हणत. पण शेवट आला आणि पडद्यावरची सून सासूच्या पायांवर कोसळली. पाटी आली. मला वाचता येत होतं, म्हणून मी वाचली: "मी चुकले, आई. मला पदरात घ्या." आणि बापूकाकांचा आवाज आला, "मी काही केलेलं नाही. आता मी या घरात राहणार नाही."

पुढून एकाने विचारलं, "मास्तर, मग ती पाया कशाला पडत्ये?"

"जाताना वडीलमाणसाला नमस्कार करत्ये," बापूकाका म्हणाले.

तेवढ्यात पडद्यावर सासूने सुनेला उठवून पोटाशी धरलं आणि आत नेलं.

"आणि आता आत कुठे चालली?"

"गाठोडं आत राहिलंय तिचं."

तंबू हसून कोसळायचा बाकी राहिला. बरं तर बरं, चित्रपट तिथेच संपला. मागच्या बाकांवरचे वाचता येणारे लोक मात्र हसत नव्हते. मी आत्याकडे पाहिलं. तिने पदराचं टोक तोंडात धरलं होतं. ती हसत होती की रडत होती, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाकांवरचे एक गृहस्थ आमच्या ओटीवर येऊन चहा घेऊन गेले आणि सगळं तात्यांच्या कानावर घालून गेले. तात्यांनी बापूकाकांना समोर बोलावलं. मी दाराआड होते.

"पाटीवर काय लिहिलं होतं?"

"मी चुकले, असं."

"आणि तू काय वाचलंस?"

बापूकाका म्हणाले, "कादंबरीत आहे तसं. तात्या, ती सून असं म्हणणारच नाही. त्यांनी तिच्या तोंडात नको ते वाक्य घातलं."

"ते त्यांचं पाप. ते तुझ्यासारखे कादंबरी वाचलेले लोक त्यांना विचारतील," तात्या म्हणाले. "पण ज्यांना अक्षर येत नाही ते तुझ्या तोंडाकडे बघत बसतात. तू सांगशील ते खरं धरतात. त्यांना तू फसवलंस. मास्तर ना तू?"

बापूकाका वाद घालण्यात कुणाला हार जात नसत. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "हे माझ्या लक्षात आलं नाही. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे."

"मग ज्यांना सांगितलंस त्यांनाच जाऊन सांग."

संध्याकाळी तात्या जन्मात पहिल्यांदा तंबूत आले. काठी गुडघ्यांत धरून मागच्या बाकावर ताठ बसले. खेळ सुरू होण्याआधी बापूकाका पांढऱ्या पडद्यापुढे उभे राहिले. शेठना वाटलं ते काही जाहिरात सांगणार. ते म्हणाले, "काल शेवटच्या पाटीवर होतं ते मी वाचलं नाही. पाटीवर होतं की ती सून चुकले म्हणते. कादंबरीत ती तसं म्हणत नाही, पण तुम्ही इथे चित्र बघायला आला होतात. तुम्हाला वाचता येत नाही याचा मी फायदा घेतला. माझं चुकलं." एवढंच. मग खेळ झाला आणि शेवटची पाटी त्यांनी होती तशी वाचली, कसलाही आवाज न काढता, हजेरी घेतात तशी. कुणी हसलं नाही. कनातीच्या आडून एक म्हातारी तेवढी म्हणाली, "कालचं बरं होतं हो मास्तर."

घरी आल्यावर पानं मांडली. तात्या खूश होते. एरवी जेवताना न बोलणारा माणूस म्हणाला, "बापू, चूक झाली की असं चुकलो म्हणावं. मला बरं वाटलं."

आत्या वाढत होती. आमटीचं भांडं हातात तसंच धरून ती म्हणाली, "तात्या, बापूदादाने खोटं वाचलं म्हणून तो चुकलो म्हणाला. मी काय केलं ते सांगा, म्हणजे मीही म्हणत्ये."

तात्यांचा घास हातातच राहिला. माझी आजी आतून म्हणाली, "वेणू, तू वाढ बघू आधी."

"वाढत्येच आहे. पण मी चुकले म्हटलं, तर ती आंबापोळी आपल्या घरी आली असं होईल. आली होती का?"

 माझ्या वडिलांनी बापूकाकांकडे पाहिलं, बापूकाका पानाकडे पाहत होते. त्यांनी तिला हे शिकवलं असेल असं सगळ्यांना वाटलं असणार. पुढे किती तरी वर्षांनी मी त्यांना ते विचारलं, तर म्हणाले, "अगो, मला कुठे सुचलं? सुचलं असतं तर सकाळी ओटीवरच नसतो का बोललो?"

तात्यांनी घास खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "गाडीवाल्याला सांगा, सोमवारी नको."

त्यापुढचं सगळं गोड झालं असं नाही. राजापूरहून वर्षभर एक अक्षर आलं नाही. गावात बोलणारे बोलत राहिले. आजीने त्या काळात आत्याच्या काळजीने किती उपास धरले ते देवालाच ठाऊक. बापूकाकांनी बहिणीला संध्याकाळी पुस्तकं घेऊन बसवलं आणि ती मराठी फायनलला, म्हणजे सातवीच्या परीक्षेला, बसली. मग एका शिमग्याला आत्याचे यजमान एकटेच आले. ते चुकलो वगैरे काही म्हणाले नाहीत, पण आंबापोळीचा डबा घेऊन आले होते आणि तो कुणाच्या हातात द्यावा हे त्यांना कळत नव्हतं. आत्या म्हणाली, "परीक्षेचा निकाल लागू दे, मग येत्ये." निकाल लागला आणि मगच गेली.

बोलपट आले आणि पडद्याशेजारचं काम संपलं. बापूकाका इतरांसारखे खुर्चीवर बसून सिनेमा बघू लागले, पण ओठ हलत राहायचे. मी मुंबईला कॉलेजात गेले, इंग्रजी कादंबऱ्या वाचू लागले, आणि सुट्टीत आले की आमचा वाद ठरलेला. कादंबरीवर सिनेमा निघाला की ते आधी ती पुन्हा वाचून काढत. त्यांचं मत असं की गोष्ट कापा, वाकवा, गाणी घाला, पण माणूस जे जन्मात बोलणार नाही ते त्याच्या तोंडी घालू नका. मी एकदा म्हटलं, "पण तुम्हीही त्या रात्री तेच केलंत की. सिनेमातली सून निराळी होती. ती चुकले म्हणणारीच होती. तुम्ही तिच्या तोंडात दुसरीचं वाक्य घातलंत." ते चालता चालता थांबले. भाट्याच्या समुद्रकाठी पुळणीवर होतो आम्ही. म्हणाले, "म्हणजे तिचीही माफी मागायची राहिली..." आणि मग जे हसत सुटले, ते घरी येईपर्यंत.

तर मीनल, तुझं चिडणं त्यांना पटलं असतं. अजित, त्यांनी तुला विचारलं असतं की तू ती कादंबरी वाचली आहेस का. आणि उठून यायला नको होतं, शेवटपर्यंत बसून मग चिडायचं, असं दोघांना सांगितलं असतं.

तो चित्रपट आता कुठे नाही. कादंबरीची आमची प्रत वाळवीने खाल्ली. वेणूआत्या आहे. तेराव्याला आली होती, पाठीत वाकली आहे, पण स्वतः चालत आली. तिच्या सुनेशी मी बोलत बसले होते. ती सहज म्हणाली की लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात घरातली चांदीची वाटी हरवली, तेव्हा तिचा जीव घाबरा झाला. आत्याने तिला जवळ बोलावून विचारलं, तू घेतलीस का? ती नाही म्हणाली. आत्या "बरं" म्हणाली आणि तो विषय तिथे संपला. वाटी पुढेही सापडली नाही. राजापूरच्या त्या घरात अजून तसंच विचारतात, आणि नाही म्हटलं की ते खरं धरतात.

तुमची,
आजी