मामानं टाकलेलं सुपर

माझ्या नावावर सतरा शोधनिबंध आहेत. त्यातले सोळा कोणी वाचले असतील, तर माझ्यासारखेच रिकामटेकडे. पुढच्या निबंधांत त्यांचा दाखला किती वेळा दिला गेला, हे मोजायला एका हाताची बोटं पुरतात, आणि त्यातले दोन दाखले मीच दिलेले. सतरावा मात्र नशीबवान निघाला. तुरीच्या मुळांवर गाठी धरणाऱ्या जिवाणूंवरचा त्या निबंधाचा दाखला जो तो द्यायला लागला. प्राध्यापक व्हायचं तर समितीपुढं ठेवायला माझ्याकडं हा एकच दागिना होता.

त्याचा प्रयोग आसेगावला मामाच्या वावरात केला होता. अर्ध्या ओळींत माझे जिवाणू चोळलेलं बियाणं, अर्ध्या ओळींत साधं. बाकी खतपाणी सगळं सारखं ठेवायचं, हे मामाला मी चांगलं दहादा बजावलं होतं. माझ्या ओळींतल्या मुळांवर गाठी अशा लगडल्या की मी वावरातच टाळ्या पिटल्या.

मुलाखतीला पाच महिने राहिले अन् परदेशातल्या एका संशोधक बाईचं पत्र आलं. भाषा मोठी गोड. आम्ही तीन हंगाम करून पाहिलं, तुमच्यासारखा फरक येत नाही, तुमच्या शेतात काही वेगळं घडलं होतं का? माझं डोकंच फिरलं. म्हणे काही वेगळं! नाचता येईना अंगण वाकडं. पण माझ्या नोंदवह्या मामाकडंच पडून होत्या, म्हणून वाशीमहून एसटी धरली.

आमच्याकडं मामा भाचीच्या पाया पडतो. मामाची सत्तरी उलटली, तरी दारातच वाकला. मग चहा पिता पिता मी पत्राचं सांगितलं.

"त्याह्यले कसं जमंल?" मामा हसला. "त्याह्यनं सुपर टाकलं नसंन."

"कोणतं सुपर?"

"खत. तुह्या ओळींत म्या ओंजळ ओंजळ टाकलं होतं."

"काहून मामा? सारखं ठेवा म्हणून सांगितलं होतं ना?"

"तुह्याच ओळी मरतुकड्या दिसून राह्यल्या होत्या. भाचीची तूर पडेल दिसली असती, तं लोकं काय म्हणतीन?"

झालं! सुपर फॉस्फेट मिळालं की तुरीच्या गाठी तशाही वाढतात. गाठी माझ्या जिवाणूंच्या नव्हत्याच, मामाच्या मायेच्या होत्या. मला रडूही येईना अन् मामावर ओरडताही येईना. अडाण्याचा गाडा म्हणावं तर गाडीवान मीच. एकदाही मी खताची गोणी पाहिली नव्हती.

दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी संपादकांना सगळं लिहून निबंध मागे घेतला आणि त्या बाईची माफी मागितली. संपादकांना लिहिलेल्या पत्राची प्रत मुलाखतीच्या फायलीत सगळ्यात वर लावली. प्राध्यापकपद गेलं तर गेलं, असं स्वतःला बजावून समितीपुढं बसले.

अध्यक्षांनी ते पान उलटलं. दुसरं उलटलं. दाखल्यांच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "वा! वाशीमसारख्या ठिकाणी बसून एवढे?"

"सर, तो निबंध मी मागे घेतलाय. निष्कर्ष चुकीचा होता."

"निबंध मागे घेतला. पण दाखले कुठं मागे गेले?" शेजारच्यांनी संगणकात पाहून सांगितलं, आकडा उलट वाढलाय. मागे घेतल्याची नोंद छापून आली, तिचाही दाखला लोक द्यायला लागले होते. सगळे खूश झाले. मी अजून एकदा तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. ती खुर्ची मला हवी होती, अन् फार हवी होती.

महिन्याभरानं दारावर पाटी बदलली. मामा डाळीचं पोतं घेऊन आला, पाटीवरून हात फिरवला अन् म्हणाला, "पाह्य बरं, आलं का नाई कामी म्हायं सुपर?"

मग तो पाया पडायला वाकला. पाय मागे घ्यावेत असं फार वाटलं. मी ते तसेच राहू दिले.