काळोखाच्या लग्नातली समई

“समई फुंकायची न्हाय म्हंजे न्हाय,” सिद्रामकाका म्हणाले. सोलापुरातल्या त्या नाट्यगृहाचे ते मॅनेजर. रंगमंचावर पहिला अंक चालू होता आणि विंगेत, माझ्या डिमर बोर्डापाशी, आम्ही कुजबुजत भांडत होतो. डिमर म्हणजे दिवे कमी-जास्त करायचं यंत्र.

मी प्रकाशयोजना करतो. हा ऑपेरा होता. त्यात ‘पाणी दे’सुद्धा गाऊनच म्हणतात. गोष्ट अशी: विणकराच्या मुलीचं लग्न विहिरीतल्या काळोखाशी लागतं. नवरा बोलतो, पण दिसत नाही. दिसला की संपला. म्हणून लग्नाला पूर्ण ब्लॅकआउट हवा होता. ब्लॅकआउट म्हणजे आपलाच हात आपल्याला दिसता कामा नये.

आणि रंगमंचाच्या कोपऱ्यात उद्घाटनाची समई पाच वातींनी तेवत होती. तालमीत ती नव्हती. तालमीचं उद्घाटन कोण करतं?

दिग्दर्शिका गार्गी दोन वर्षं यासाठी राबली होती. पुढचे बारा प्रयोग देणारे संयोजक पहिल्याच रांगेत होते. त्यांना पटलं नाही, तर तिचा ऑपेरा इथंच संपणार होता.

“मग उचलून आत घ्या,” मी म्हणालो.

“पावण्यांनी लावलीया. ते समोर बसल्यात. चोरावानी न्यायची व्हय? मानानं न्यायला पायजे.”

“वर टोपली ठेवू?”

“तुमच्या घरी ठेवता का?”

“तेल कधी संपेल?”

“लई हाय. मी सोताच काठोकाठ घातलंय की!”

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. माझं डोकंच फिरलं.

क्यू आला, म्हणजे दिवे बदलायची खूण. मी सगळे दिवे उतरवले. समईच्या उजेडात आमचा काळोख लख्ख दिसला: एका बँकेतले अधिकारी, काळा टी-शर्ट, चष्मा, पोट. ते गाऊ लागले, “मला पाहिलं नाही कुणी...”

“दिसतोय की!” तिसऱ्या रांगेतल्या आजी म्हणाल्या.

काळोख पुढची ओळच विसरला. माझ्या हेडफोनवर गार्गी रडायला लागली.

तेवढ्यात नवरी झालेली पद्मा पुढं सरकली. सोलापूरचीच पोर. सूर न सोडता तिनं गायलं, “सिद्रामकाका, नवरा लाजतोय. समईला मानानं आत न्या हो...”

काका भजनी मंडळातले. विंगेतून भजनाच्या चालीत उत्तर गेलं, “आलो गं बाई, आलोऽऽ!” चपला काढून ते रंगमंचावर गेले, नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी समई उचलली. काळोखानंही चष्मा सावरत हात जोडले. अख्खं सभागृह उभं राहिलं. काका गातच मेकअपच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

मिट्ट अंधार झाला. त्यातून काळोख गायला लागला, तेव्हा मीच दचकलो.

बारा प्रयोग मिळाले. अट एकच: काकांचा प्रसंग तसाच ठेवायचा. हल्ली काका रजा टाकून दौऱ्यावर येतात आणि मेकअप नीट झाला नाही म्हणून कुरकुरतात.

तीस वर्षं मी अंधार कसा करायचा ते शिकलो. परवानगी कुणाची घ्यायची, एवढंच विचारायचं राहिलं होतं.