स्विचची आंघोळ

पहिल्या नोकरीत मला सगळ्यात आधी शिकवलं गेलं ते स्विचला आंघोळ घालायला. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मंग साबन त्यांचा का आपला?" तिला वाटलं, मी झाडलोटीच्या कामाला लागलेय आणि लाजेनं काहीबाही सांगतेय.

शहापूरहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका संस्थेचं आवार आहे. कॉलेज, मुलींचं वसतिगृह, छोटा दवाखाना आणि कार्यालय. एवढ्या सगळ्यांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले ठेवायचे, हे काम आम्हा दोघांचं: एक आमचे प्रमुख, ज्यांना सगळे काका म्हणायचे, आणि सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली मी. सहा महिन्यांनी काम बरं वाटलं तर कायम केल्याचं पत्र मिळणार, नाही तर राम राम. घरूनही तेवढीच मुदत होती. पत्र नाही आलं तर मुरबाडला आत्याच्या मॅचिंग सेंटरमध्ये बसून अस्तराचं कापड फाडायचं, हे माझ्या वतीनं वडील आणि आत्या यांच्यात ठरून गेलं होतं. आत्या प्रेमळ आहे. पण दिवसभर "आबोलीत थोडा गडद दाखवा" ऐकायचं माझ्या जिवावर आलं होतं.

काका मूळचे वायरमन. आधी गावातल्या घरांत लाईट भरली, मग टेलिफोनच्या केबली जोडल्या, आणि संस्थेत आल्यावर डिक्शनरी मांडीवर ठेवून नेटवर्कचं एक जाडजूड पुस्तक दीड वर्षात संपवलं. टाइप मात्र एकाच बोटानं करायचे, कोंबडी दाणे टिपते तसं. मी डिप्लोमा करून आलेली, दहा बोटांची, आणि जिभेलाही हाड नसलेली. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हे मला काय शिकवणार?

स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. कॉम्प्युटरच्या वीस-चोवीस वायरी जिथे एकत्र येतात तो पत्र्याचा चपटा डबा. आमच्या आवारात असे चौदा. दवाखान्यातले पेशंटचे कागद वसतिगृहातल्या मुलींना दिसू नयेत आणि मुलींचे सिनेमे कार्यालयाच्या वाटेत येऊ नयेत, म्हणून स्विचच्या आत न दिसणाऱ्या भिंती घालून वेगवेगळे भाग करतात. त्यांना व्हीलॅन म्हणतात. काका सरळ 'खोली' म्हणायचे. आता एक नवी खोली केली की चौदा ठिकाणी शिडी घेऊन कोण फिरणार? म्हणून सोय अशी की कार्यालयातल्या मुख्य स्विचवर एकदा खोली करायची, की तो बाकीच्यांना आपोआप कळवतो आणि ते सगळे मुकाट्यानं आपापली यादी तशी करून घेतात. यादीत काहीही बदललं की तिचा आकडा एकानं वाढतो. कुणाची यादी ताजी, हे त्या आकड्यावरूनच ठरतं. ज्याचा आकडा मोठा, त्याचं सगळ्यांनी ऐकायचं.

"गावकीच्या मीटिंगसारखंच हाय बग," काका म्हणाले. "कोन खरा बोलतो ते नाय बगत. कोन जास्ती येळा बोलला, ते बगतात."

म्हणूनच आंघोळ. एखादा जुना, कपाटातला किंवा बाहेरून आलेला स्विच जागेवर लावायचा तर आधी त्याची जुनी यादी पुसायची आणि आकडा शून्यावर आणायचा. नाही तर तो आपल्याच जुन्या गोष्टी सगळ्यांना ऐकवत सुटायचा, आणि बाकीचे खुळ्यासारखे त्याचं ऐकायचे. आमच्याकडे मयतावरून आलेल्या माणसाला अंगणातच पाणी देतात, त्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. काकांचा नियम त्याच जातीचा होता. काम करताना ते कुठेही असले, शिडीवर, गच्चीवर, चहाच्या टपरीवर, तिथून ओरडून विचारायचे, "आंघूळ झाली काय गो?" मी "झाली" म्हटलं की मगच वायर लावायची.

माझ्या सरावासाठी त्यांनी कपाटातला एक स्विच काढून दिला. त्यावर नाव, पासवर्ड, सगळं आवारातल्यासारखंच ठेवायला लावलं. "सराव करायचा तर खऱ्यासारखा कर, भातुकली नको," म्हणाले. पाचला काम संपायचं आणि शहापूरला जाणारी जीप सहाला यायची. तो एक तास मी त्या स्विचसमोर बसायचे. खोल्या करायच्या, मोडायच्या, पुन्हा करायच्या. खोलीला नाव द्यावं लागतं. वडील धसईच्या बाजारात भाजी घेऊन बसतात, तेव्हा मला त्यांच्या टोपल्यांशिवाय दुसरं काय सुचणार? भेंडी, काकडी, कारली, दुधी. काका मागून येऊन बघायचे आणि म्हणायचे, "आज कारली महाग दिसतात." मग खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढून अर्धी माझ्यापुढे सरकवायचे. त्या पाच-साडेपाच महिन्यांत मला त्यांचा इतका लळा लागला की रविवारी चुकल्यासारखं व्हायचं.

श्रावणातल्या एका मंगळवारी वसतिगृहातला स्विच मेला. उघडून बघितलं तर मुंग्यांनी आत अंडी घालून संसार थाटलेला. मुलींचे स्कॉलरशिपचे फॉर्म भरायचे होते, रेक्टरबाईंचा तिसरा फोन येऊन गेला होता. कपाटात दुसरा स्विच नव्हता. काका दवाखान्याच्या गच्चीवर वायर ओढत होते. फोनवर म्हणाले, "तुझा सरावाचाच लाव." मी तो काखेत मारून पळत गेले, स्टुलावर चढले, दातांत स्क्रू धरले. फोन पुन्हा वाजला.

"आंघूळ झाली काय गो?"

मी म्हटलं, "हो."

झाली नव्हती. आंघोळ घालायची ती परक्याला, हा तर सहा महिने माझ्या मांडीवर वाढलेला, घरचाच, असं मी मनाशी म्हटलं. हे झालं दाखवायचं कारण. खरं कारण वेगळं होतं. मला राग आला होता. पत्र आठवड्यावर आलं तरी हा माणूस मला बालवाडीतली पोर समजतो, हात धुतले का, नाक पुसलं का, असं मला वाटलं. त्या रागात "हो" म्हणणं सोपं गेलं.

वायर लावली आणि दोन मिनिटांत आवारातल्या सगळ्या स्विचांवरचे दिवे हिरव्याचे केशरी झाले. दवाखान्यात केसपेपर निघेनात. कार्यालयातले सगळे खुर्च्या मागे सारून उभे राहिले. माझ्या स्विचचा आकडा होता तीनशे बारा. मुख्य स्विचचा एक्केचाळीस. रोज संध्याकाळी तासभर बोलून बोलून मी त्याला इतका वाचाळ करून ठेवला होता, की त्यानं सांगितलं आणि उरलेल्या सगळ्या स्विचांनी आपल्या खऱ्या खोल्या पुसून त्यांच्या जागी भाजी भरली.

मी धावत कार्यालयात पोचले तेव्हा काका मुख्य स्विचसमोर बसलेले होते. पडद्यावर एकाखाली एक नावं: भेंडी, काकडी, कारली, दुधी. त्यांनी आकडा बघितला. मग मान वळवून एकदा माझ्याकडे बघितलं. आंघोळ झालेल्या स्विचचा आकडा काय असतो हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

मंगळवार हा संस्थेच्या सचिवांचा आवारात येण्याचा दिवस. ते त्याच वेळी आत आले. त्यांच्या हातात जी फाइल होती तिच्यात माझं पत्र होतं, सहीसाठी. मला माहीत होतं, कारण सकाळी शिपायानं मला डोळा मारून तसं सांगितलं होतं.

"कुणी केलं हे?" सचिवांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण काका आधी बोलले. "माझ्या हातून ऱ्हायलं साहेब. स्विच साफ करायला विसरलो."

"आणि ही भेंडी काय आहे?"

"माझीच. सरावाला केली व्हती."

"या वयात सराव करता?"

"या वयातच जास्ती लागतो, साहेब."

कुणीतरी हसलं. सचिव हसले नाहीत. सगळ्यांच्या देखत त्यांनी काकांना जे झापलं ते मला अजून शब्दन्‌शब्द ऐकू येतं. वीस वर्षांहून जास्त नोकरी झालेला माणूस हात पाठीमागे बांधून खाली बघत उभा होता. ते गेल्यावर काका बसले आणि एका बोटानं एकेक खोली पुन्हा केली. सगळे क्रमांक त्यांना पाठ होते. अर्ध्या तासात दिवे आपापल्या जागी हिरवे झाले. मी शेजारी उभी राहून भेंडी-काकडी पुसत होते.

काकांना मेमो मिळाला. त्याचं उत्तर त्यांनी हातानं लिहिलं: 'माझ्या विसरण्यामुळे सदर प्रकार घडला.' शुक्रवारी माझं पत्र आलं. मी पेढे वाटले. काकांनी अर्धा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळून घरी न्यायला ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नाव काढ हां बाय." त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंडात पेढा होता, आणि बाकीचे भोवती होते, आणि आनंद झाला होता. एवढी सगळी कारणं एकदम हाताशी असली की माणूस गप्प बसतो.

त्यानंतर काकांनी मला आंघोळीचं कधीच विचारलं नाही. मी एखादा स्विच लावायला काढला की ते हातातलं काम ठेवून यायचे, समोर बसायचे, स्वतः आकडा बघायचे आणि मान डोलावून जायचे. मला वाटलं, वय झालं, चाळा लागलाय. आणि विचारत नाहीत म्हणजे आता भरवसा बसलाय. घरी मी फुशारकीही मारली, "काका आता मला विचारत पन नाहीत." आत्यालासुद्धा सांगितलं.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी माझ्या हातात माइक दिला. मी त्यांच्या एका बोटाबद्दल बोलले, डिक्शनरीबद्दल, शेंगदाण्यांबद्दल. रडलेसुद्धा. टाळ्या पडल्या. ती एक गोष्ट सोडून मी सगळं बोलले.

त्यालाही दोन वर्षं झाली. मग संस्थेनं मुरबाडला नवी शाखा काढली आणि तिथल्या लोकांसाठी आपल्या कामाचे नियम लिहून द्या, प्रत्येक नियमाचं कारणही लिहा, असं मला सांगितलं. मी झराझरा लिहीत आंघोळीच्या नियमापर्यंत आले. कारण म्हणून टाइप केलं: 'पूर्वी एकदा तत्कालीन प्रमुख स्विच साफ करण्यास विसरल्याने...' हे वाक्य मी काकांच्या मेमोवरून उचललं होतं. ते आता छापून मुरबाडला जाणार, तिथली माणसं वाचणार, आणि काकांचं तोंडही न बघितलेले लोक म्हणणार, होता एक विसरभोळा म्हातारा. मी कॉम्प्युटर बंद केला.

रविवारी किन्हवलीची एसटी पकडली. तिथून पुढे त्यांचं गाव चालत पंधरा मिनिटं. काका पडवीत बसून शेजारणीचा मिक्सर दुरुस्त करत होते. मला बघून इतके हरखले की स्क्रू चहात पडला. काकू आत गेल्या तशी मी एका दमात बोलून टाकलं. "काका, त्या दिवशी मी आंघोळ घातली नव्हती. तुम्ही विचारलंत तेव्हा हो म्हणाले, ते खोटं होतं."

त्यांनी चहातून स्क्रू काढला, धोतराला पुसला. "ठावं हाय. तीनशे बारा काय मी केले व्हते?"

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तुझा पत्र हातचा गेला असता." मिक्सर बाजूला सारून ते नीट माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. "चूक काय गो, कोनाच्या पन हातून व्हते. ती मी माझ्या नावावर घेतली, मला काय जड नाय झाली. खोटा मातर मला घेता येईना. तो तुझ्याकडंच ऱ्हायला. म्हनून मंग विचारायचंच सोडलं. विचारून काय करू? तू हो म्हनाली असतीस, न मला तरी उठून बगाया लागलंच असतं."

चार वर्षं जो भरवसा म्हणून मी मिरवला, तो हा होता. मी पदर डोळ्यांना लावून रडले, निरोपाच्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त, आणि टाळ्या वाजवायला इथे कुणी नव्हतं. काकांनी रडू दिलं. मिक्सरचं भांडं दोनदा फिरवून बघितलं.

मग म्हणाले, "जेवलीस काय?"

आमच्याकडे न सांगता कुणाच्या दारी गेलं की याला एकच उत्तर असतं. पोटात कावळे ओरडत असले तरी म्हणायचं, हो, जेवूनच निघाले. पुढच्यानं दोनदा आग्रह करायचा, मग बसायचं. सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी ते मनावर घेत नाही.

मी म्हटलं, "नाही."

काकांनी वर बघितलंसुद्धा नाही. मिक्सरमध्ये स्क्रू बसवत आत ओरडून सांगितलं, "तांदूळ वाडव गो, पोरगी जेवली नाय."