दोन सीटचं नॅट

नॅट हे आमच्या हवाई दलातलं सगळ्यांत बुटकं लढाऊ विमान. जमिनीवर उभं राहून हात वर केला की कॉकपिटची कड हाताला लागायची. मी त्याचा एअरफ्रेम फिटर होतो. इंजिन आणि वायरिंग सोडलं, तर विमानाचं अंग, पंख, चाकं, हायड्रॉलिकचे पाइप हे सगळं माझ्याकडे. सार्जंट खैरनार, गाव सटाण्याकडचं. सत्तरच्या दशकात आमची स्क्वाड्रन पंजाबात होती.

आधीच सांगतो, मला चुकीचं काम बघवत नाही. स्क्रू अर्धा फेरा कमी आवळलेला दिसला तरी डोकं फिरतं. बायको म्हणते, "रिटायर झाले, पण तुमचं इन्स्पेक्शन काही संपत नाय." खोटं नाही ते.

पहाटे साडेपाचला आम्ही हँगरवर. विमान तपासायचं, जो दोष निघेल तो फॉर्म सेव्हन हंड्रेडवर लिहायचा, दुरुस्त करायचा आणि खाली सही करायची. दोषाला आमच्याकडे स्नॅग म्हणतात. पावणेआठला पायलट येणार, फॉर्म वाचून स्वतः सही करणार, मग शिडी चढणार. पट्टे आवळायला मी शेजारी उभा. रोज हेच.

फ्लाइंग ऑफिसर प्रकाश गायकवाड नाशिकचा. पहिल्या दिवशी फॉर्मवरची माझी सही वाचून त्याने विचारलं, "खैरनार? सटाणा की मालेगाव?"

"सटाणा, साहेब."

"मग इथे कोणी नसताना नाना म्हणू का?"

ऑफिसरने सार्जंटला नाना म्हणणं कुठल्याच नियमात बसत नाही. पण पोरगा लाघवी होता. मी हो म्हणून बसलो, आणि मग रोज त्याच्या "काय नाना, विमान तयार?"ची वाट बघायला लागलो.

विमानाजवळ कॅमेऱ्याला बंदी होती. त्याची आई दर पत्रात विचारायची, तुझं विमान दिसतं तरी कसं? फोटो पाठवता येईना. म्हणून त्याने परदेशी कोर्सला गेलेल्या मित्राकडून नॅटचं प्लास्टिकचं किट मागवलं. वीतभर विमान. ते जोडायचं आणि सुट्टीत घरी न्यायचं, असा बेत. क्रू रूममध्ये खोकं उघडलं आणि गडी हसत सुटला.

"नाना, घात झाला! हे तर ट्रेनर आहे."

इंग्रजांचं शिकाऊ नॅट होतं ते. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा, अशा दोन सीट. आमचं नॅट एकट्या माणसाचं.

"त्यात काय साहेब," मी म्हटलं, "कापू, घासू, पुट्टी भरू. मागची सीट बुजवली की झालं."

"आईला चुकीचं विमान दाखवायचं नाही हां."

"माझी जबाबदारी."

जेवणाच्या सुट्टीत त्याने विमानाच्या धडाचे दोन अर्धे चिकटवले आणि खोकं लॉकरमध्ये ठेवलं. पुढचं काम रविवारी करायचं ठरलं.

तो रविवार आलाच नाही. शुक्रवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी त्याने टेकऑफ घेतला. विमान मी तपासलं होतं. पट्टे मी आवळले होते. फ्लाइट कमांडरच्या जीपमधल्या वायरलेस सेटवर आम्ही सगळे ऐकत होतो.

"टॉवर, बर्ड हिट. इंजिन गेलं."

"इजेक्ट. इजेक्ट."

"रॉजर."

एवढंच. पॅराशूट उघडायला उंची पुरली नाही. आठ वाजून बारा मिनिटं झाली होती. शवपेटी बंद करूनच नाशिकला पाठवली. सामानाची ट्रंक मागून गेली, तिच्यात ते खोकंही होतं. सोबत कोण जाणार, असं विचारलं तेव्हा मी मान खाली घातली. दुसरा गेला.

ऐंशी साल उलटल्यावर मी रिटायर झालो आणि सातपूरला एका वर्कशॉपमध्ये लागलो. गायकवाडांचं घर गंगापूर रोडच्या आतल्या कॉलनीत. आठ महिने त्या वळणावरून सायकलने जात होतो, पण आत वळायची हिंमत होईना. त्याच्या आईने विचारलं की त्या दिवशी विमान नीट होतं का, तर? लढाईच्या दिवसांत रनवेवर उभा राहिलेला माणूस मी, आणि एका बाईच्या प्रश्नाला भ्यालो होतो.

शेवटी एका रविवारी सकाळी दहाला बेल वाजवली. वडील रिटायर झालेले ड्रॉइंग मास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. नाव सांगितलं तर ते दारातच थबकले. "जयभीम, जयभीम. म्हणजे नाना तुम्हीच?" पत्रांतून मी त्या घरात कधीचा पोचलो होतो. आतून प्रकाशच्या आई, माई, आल्या. पहिलं वाक्य, "चहा ठेवते, पण जेवल्याशिवाय जायचं नाही भाऊ."

मला राहवेना. उभ्याउभ्याच म्हटलं, "माई, त्या दिवशी विमानात काही दोष नव्हता. मी स्वतः तपासलं होतं."

त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "असता तर तुम्ही या घरात आला असता का? बसा."

मी बसलो. पाणी प्यायलो.

समोर भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी प्रकाशचा गणवेशातला फोटो आणि खाली फळीवर ते नॅट. प्रकाशने अर्धवट सोडलेलं काम गुरुजींनी खोक्यातला कागद बघून पुरं केलं होतं. रंगकाम असं की कुठे ब्रशचा फराटा दिसेल तर शपथ. पण पंखावरचे हवाई दलाचे तिरंगी गोल उलटे! बाहेर केशरी, आत हिरवा. आणि दोन सीट. माझी जीभ थांबते कुठली.

"गुरुजी, हे चुकीचं आहे."

त्यांचा चेहरा पडला. माई मात्र पुढे आल्या. "म्हणजे त्याचं विमान असं नव्हतं? इतकी वर्षं मी भलतंच विमान बघतेय?"

माझीच मला चीड आली. पण बोललो ते खरं होतं. "दुरुस्त करतो," मी म्हटलं. "तुम्हाला त्याचं विमान दाखवतो."

दर रविवारी दहाला मी हजर. गुरुजींनी शाळेची एक वही काढली आणि तिच्यात वळणदार अक्षरात स्नॅग लिहिले. पहिल्या रविवारी गोल पुसून नव्याने काढले, केशरी मधे, हिरवा बाहेर. दुसऱ्या रविवारी तिरकं बसलेलं चाक सरळ केलं. काम झालं की मी सही करायचो, गुरुजी तपासून सही करायचे. "माझ्यापेक्षा कडक मास्तर आहात," ते म्हणायचे. प्रकाशच्या लहानपणच्या खोड्या ऐकत ऐकत काम चालायचं. खरं सांगतो, आठवडाभर मी त्या रविवारची वाट बघायचो.

तिसऱ्या रविवारी मागची सीट. तिथे गुरुजींनी माणूस बसवलाच नव्हता. "तो एकटा होता ना," ते म्हणाले, "म्हणून." मागचा भाग कापून, पुट्टी भरून पाठ सरळ करायची होती. आधी पॉलिश पेपरने रंग उतरवायला घेतला. चार हात मारले आणि सीटमागे प्लास्टिकला काहीतरी खरखरीत लागलं. ओबडधोबड काम! मी पाचवा हात मारणार होतो.

थांबलो, कारण त्या खरखरीत रेषा गोल गोल होत्या.

किटचा गोंद प्लास्टिक मऊ करून चिकटवतो. त्यावर बोट टेकलं तर ठसा कायमचा उमटतो. इथे अंगठा टेकला होता. त्याच्या मधोमध एक तिरकी रेघ होती. ती रेघ मी ओळखली. विमानाच्या नटांना बांधायची बारीक तार असते, ती कशी पिळायची हे शिकायला प्रकाश एकदा माझ्या शेजारी बसला आणि अंगठा कापून घेतला. पट्टी मीच बांधली होती.

"काय झालं?" गुरुजींनी विचारलं.

"गुरुजी, हा त्याचा अंगठा आहे."

माई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी आल्या. त्यांनी पदराला हात पुसले, विमान उजेडाकडे धरलं आणि त्या ठशावर स्वतःचा अंगठा ठेवला. बराच वेळ ठेवला. माझ्या पॉलिश पेपरने कडेच्या रेषा गेल्या होत्या. अजून एक हात मारला असता तर सगळाच गेला असता. पॉलिश पेपर मी बाजूला ठेवला.

"आता काय करायचं?" मी म्हटलं. "सीट बुजवायची तर कापावं लागेल इथेच."

गुरुजी खिडकीकडे तोंड करून उभे होते. "कापा," ते म्हणाले. "तिला त्याचं खरं विमान बघायचंय. माझा मुलगा एकटा उडायचा. हे खोटं कशाला ठेवायचं?"

"नाही कापायचं," माई म्हणाल्या.

"अगं, पण चूक आहे ती."

"असू दे चूक. एकटा होता, एकटा होता, किती वर्षं ऐकू? खोक्यात दुसरा माणूस आहे ना? बसवा त्याला मागे." आणि मग माझ्याकडे वळून, "भाऊ, तुम्ही बसा. तुम्ही होतात ना शेवटपर्यंत."

मला रडू आवरलं नाही. गुरुजींनाही नाही. सार्जंट असो नाहीतर मास्तर, त्या दिवशी दोघांची सारखीच गत झाली.

गुरुजींनी खोक्यातून दुसरा माणूस काढला. जोंधळ्याएवढं त्याचं डोकं. भिंग लावून, बारीक ब्रशने त्यांनी त्याला माझ्यासारखी मिशी काढली.

"गुरुजी, ऑक्सिजनच्या मास्कवर मिशी नसते."

"गप्प बसा, नाना."

संध्याकाळी चारला तो माणूस मागच्या सीटवर चिकटला. मागची पाठ रंगवली नाही. ठसा उघडा ठेवला.

पुढे एकदा ओझरच्या विमान कारखान्यातला एक इंजिनिअर पाहुणा म्हणून आला. विमान बघून म्हणाला, "आपल्याकडे दोन सीटचं नॅट नव्हतंच. चुकलंय हे." गुरुजींनी हळूच माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो, चुकलंय," आणि त्याच्या हातातलं विमान काढून माईंकडे दिलं.

फ्लाइंग ऑफिसर प्रकाश गायकवाड चोवीस वर्षांचा होता. पोळी गुळाशी खायचा, शिट्टी बेसूर वाजवायचा आणि शिडी चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. तो हात मला अजून जाणवतो.